भाकरीच्या सरपणातले भुंगेरे: एक फवारणी, एक वखार आणि वर्षभराचा अनुभव

आमच्या घरी कडक भाकरीचा व्यवसाय आहे. सासूबाईंनी एका चुलीवर सुरू केलेले काम आता तीन चुलींवर चालते, आणि हे काम करणाऱ्या सोलापुरातल्या कोणत्याही बाईला विचारले तरी ती हेच सांगेल, की ज्वारीच्या पिठाइतकीच काळजी जळणाची करावी लागते. भाकरी पापडासारखी कडक होईपर्यंत तिला मंद आणि एकसारखी धग लागते. लाकूड ओले असले तर धुराचा वास भाकरीत उतरतो आणि महिनाभर टिकणारी ती भाकरी महिनाभर तोच वास सांभाळत बसते. त्यामुळे लाकूड कोरडे हवे, ते पावसात भिजायला नको, आणि परसात मोकळी जागा उरलेली नसल्यामुळे ते घरातच ठेवायला हवे, अशी आमची तिहेरी अडचण आहे. मागच्या बाजूची दहा बाय आठची खोली आम्ही त्यासाठी दिली आहे. तिच्या एका भिंतीला लागून ज्वारीच्या कोठीची खोली आहे आणि दोन्ही खोल्यांच्या मध्ये जुन्या वाड्यातली सागवानी चौकट आहे. पुढचे सगळे प्रकरण या शेजारामुळे घडले.

गेल्या वर्षी जूनमध्ये पहिला पाऊस पडून गेल्यावर एका सकाळी सरपणाच्या खोलीचे दार उघडले, तेव्हा लाल कोब्यावर लाकडाच्या राशीभोवती पिठाची रांगोळी पडल्यासारखे दिसले. आधी वाटले की ज्वारीचे पीठ सांडले असेल. बोटावर घेतले तर ते पिवळसर, मैद्याइतके बारीक आणि कोरडे होते. सुबाभळीचे एक फाटे उचलून जमिनीवर आपटले, तेव्हा त्यातून मूठभर भुकटी भळकन खाली आली आणि सालीवरची टाचणीच्या डोक्यापेक्षा जरा मोठी गोल छिद्रे दिसली. संध्याकाळी दिवा लावला तर चार-सहा काळपट भुंगेरे ट्यूबलाइटवर धडका देऊ लागले. कृषी पदवीधर असलेल्या माझ्या भाच्याने त्यातला एक काचेच्या बाटलीत धरला आणि भिंगाखाली दाखवला. जेमतेम अर्धा सेंटिमीटर लांब असलेल्या त्या किड्याचे डोके वरून दिसतच नव्हते, ते खरबरीत टोपीखाली झाकलेले होते, आणि मागची बाजू कोणी विळीवर तिरकी कापून टाकावी तशी उतरती होती. त्या उतारावर दोन काटे होते. हा सायनॉक्सिलॉन जातीचा लाकूड कोरणारा भुंगेरा आहे, असे त्याने सांगितले. सुबाभूळ, बाभूळ, आंबा अशा नुकत्याच तोडलेल्या, सालीसकट ठेवलेल्या लाकडात तो शिरतो. त्या लाकडातला पिष्टमय अंश हे त्याच्या अळ्यांचे अन्न असते.

माझी खरी भीती वेगळी होती. कोठीतल्या ज्वारीतही अधूनमधून बारीक तपकिरी भुंगेरे सापडतात आणि ते याच राशीतून येत असावेत, असे सासूबाईंचे ठाम मत होते. भाच्याने दोन्ही किडे शेजारी ठेवले. ज्वारीतला किडा आकाराने बराच लहान, साधारण तीन मिलिमीटरचा, आणि मागे काटे नसलेला. दोघांचे कूळ एकच आहे, त्यामुळे सासूबाई अगदीच चुकल्या असे म्हणता येणार नाही. पण लाकडातला हा काटेवाला दाण्यात संसार थाटत नाही आणि वाळलेल्या, रंग दिलेल्या सागवानी चौकटीतही सहसा जात नाही. वाळक्या लाकडालाही लागणारे, त्याहून बारीक भुकटी पाडणारे भुंगेरे वेगळे असतात. ते लाकडाच्या उघड्या रंध्रांत अंडी घालतात. म्हणून ज्या फर्निचरला रंग किंवा पॉलिश नाही आणि ज्यात सागाच्या गाभ्याऐवजी बाहेरचे पांढरे लाकूड वापरले आहे, त्यांच्याजवळ किडलेले सरपण ठेवू नये. आमच्या देवघराच्या चौरंगाची खालची बाजू कोरीच होती. मी तिला त्याच दिवशी वॉर्निशचे दोन हात दिले.

हे सगळे कळायच्या आधीच घाबरून मी एका कीडनियंत्रण कंपनीला फोन केलेला होता. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण त्यांनी एक काम चुकीचे केले आणि एक चांगले केले, आणि नाव घेतले की लोक अर्धेच वाचतात. दोन मुले आली, राशीकडे पाहून, "मॅडम, तासाभरात क्लिअर होईल," असे म्हणाली आणि पाठीवरच्या पंपातून सगळ्या लाकडांवर औषध मारून मोकळी झाली. या फवारणीचे २२०० रुपये झाले. चौथ्या दिवशी खाली पुन्हा भुकटी होती, आणि यात आश्चर्य काहीच नव्हते, कारण अळी लाकडाच्या पोटात असते आणि असे औषध सालीवर बसते. वर फिरणारे दोन-चार भुंगेरे मरतात. आतले आपले काम चालू ठेवतात.

त्याहून गंभीर गोष्ट पुढची होती. ते लाकूड चुलीत जाणार आहे, त्यावर लोकांच्या पोटात जाणारी भाकरी भाजली जाणार आहे, हे मी आधीच सांगितले होते. फवारणीनंतर किती दिवसांनी जाळावे असे विचारले, तेव्हा, "दोन दिवसांनी वापरा, काही होत नाही," असे उत्तर मिळाले. मी बाटली हातात घेऊन पाहिली. कीटकनाशकाच्या वेष्टनावर कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागाच्या रंगावरून विषाची तीव्रता समजते: लाल सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. या बाटलीवर पिवळा होता. औषध मारलेले लाकूड जाळले की ते औषध आणि त्याच्या ज्वलनातून तयार होणारे घटक धुरात येतात, आणि आमच्या चुलींपुढे चार बायका रोज सहा तास बसतात. ते तीन क्विंटल लाकूड मी चुलीला लावले नाही. जळणाला दुसऱ्या कोणाला देणेही मनाला पटेना, म्हणून ते अजून गच्चीच्या कोपऱ्यात कुंड्यांना आधार म्हणून पडून आहे. हे नुकसान मी बिलात धरत नाही, पण विसरतही नाही.

आता त्यांचे चांगले काम. फवारणीसाठी रास हलवल्यावर मागच्या भिंतीवर वाळवीच्या मातीच्या नळ्या सापडल्या. फरशी आणि भिंतीच्या सांध्यातून निघून त्या थेट चौकटीच्या पायापर्यंत गेल्या होत्या. भुंगेरा आणि वाळवी हे दोन अगदी वेगळे रोग आहेत, हे मला तोवर नीट उमगलेले नव्हते. आपल्याकडची बहुतेक वाळवी जमिनीत राहते, तिला माती आणि ओल लागते, आणि लाकडाबरोबर चार-दोनशे वाळव्या घरात आल्या तरी राणी आणि वारूळ मागे राहिल्यामुळे त्या नवे घर मांडू शकत नाहीत. धोका उलट्या दिशेने असतो. जमिनीला आणि भिंतीला टेकलेली रास हा वाळवीसाठी झाकलेला पूल ठरतो. तिच्या आडोशाने नळ्या वर चढत राहतात आणि आपल्याला महिनोन्महिने पत्ता लागत नाही. या कामासाठी दुसऱ्या दिवशी वेगळा, वयाने मोठा माणूस आला. त्याने भिंतीच्या बुडाशी साधारण फुटाफुटावर बारा मिलिमीटरची भोके पाडली, प्रत्येक भोकात सुमारे लिटरभर औषध जिरवले आणि वर सिमेंट भरले. अस्तित्वात असलेल्या इमारतींच्या वाळवी प्रतिबंधासाठी आयएस ६३१३ या भारतीय मानकाचा जो तिसरा भाग आहे, त्यात हीच पद्धत आहे, असे नंतर तपासल्यावर दिसले. वर्ष होऊन गेले, चौकट शाबूत आहे आणि नळ्या परत आलेल्या नाहीत. सिमेंट मात्र इतक्या घाईत भरले होते, की गवंडी बोलावून ते पुन्हा करून घ्यावे लागले, आणि हमीतली सहा महिन्यांची तपासणी पाच वेळा फोन केल्यावर झाली. वाळवीच्या कामासाठी मी या कंपनीला पाचपैकी साडेतीन देईन. सरपणावरच्या फवारणीसाठी शून्य. कोणालाही बोलावण्याआधी कीटकनाशके अधिनियम, १९६८ खालचा परवाना दाखवायला सांगावा आणि कोणते औषध, किती प्रमाणात, हे बिलावर लिहून घ्यावे. मी ते सांगितले नव्हते, म्हणून भांडायला माझ्याकडे कागद नव्हता.

याच दिवसांत शेजारच्या एका गृहस्थांनी, धान्यात ठेवतात त्या गोळ्या सरपणाच्या खोलीत ठेवून दार बंद करा, असा सल्ला दिला. त्या गोळ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात, हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फीन वायू निघतो आणि त्या विषावर उतारा नाही. राहत्या घरात, पलीकडे माणसे झोपलेली असताना, हा प्रयोग कोणीही करू नये. ते गृहस्थ रागावले तरी चालतील.

उपाय शेवटी सापडला तो वखारीत. तुळजापूर वेशीच्या पलीकडे एक जुनी वखार आहे. तिच्यावर पाटी नाही, त्यामुळे नाव विचारणाऱ्यांना मी एवढेच सांगू शकते, की दारात तोलकाटा आणि त्याच्या बाजूला चिंचेचा एक प्रचंड ओंडका पडलेला दिसला की तीच. आधी मी जिथून लाकूड घेत असे तिथे भाव क्विंटलमागे शंभर रुपयांनी कमी होता, पण वजन वाढावे म्हणून लाकडावर पाणी मारलेले असे आणि ताजी सुबाभूळ सालीसकट गाडीत भरून मिळे. भुंगेऱ्यांसाठी याहून सोयीची व्यवस्था नाही. नव्या वखारीच्या मामांना मी बाटलीतला भुंगेरा दाखवला. ते हसले आणि म्हणाले, "ताई, ह्यो तर आमचा जुना पाव्हणा हाय. साल सोलून देतो, फोडून देतो, पण दोन महिने वाळल्यालं घ्या. वजन कमी भरंल, मग भाव जास्त का म्हणून बोलायचं न्हाई."

या बोलण्यात सगळे शास्त्र आले. साल काढली की लाकूड कोरणाऱ्या बऱ्याच किड्यांची अंडी घालायची जागाच जाते. ओंडका फोडला की तो अखंड ओंडक्यापेक्षा कितीतरी लवकर वाळतो. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार असतो तेव्हा फोडलेले बाभळीचे लाकूड पाहता पाहता हलके होते. लाकूड वाळलेले आहे की नाही हे पाहण्याची मामांची पद्धत यंत्राशिवायची आहे. दोन फाटी एकमेकांवर आपटायची. कोरडी असतील तर खणखणीत आवाज येतो, ओली असतील तर भद्द. टोकांना चाकाच्या आऱ्यांसारखे तडे गेलेले असले पाहिजेत आणि सालीचा उरलेला तुकडा नखाने सुटला पाहिजे. माझ्यासमोर त्यांनी एका ढिगातले लाकूड आपटले, आवाज पडेल आला, तेव्हा तो ढीग देण्याचे स्वतःहून नाकारले. दुकानदाराने माल नाकारण्याचा अनुभव मला तरी नवा होता.

तिथे गेलेल्यांनी एक गोष्ट मात्र सांभाळावी. वखारीच्या मागच्या बाजूला एमआयडीसीतून आलेल्या मोडक्या खोक्यांच्या आणि पॅलेटच्या फळ्यांचा ढीग असतो. ते लाकूड स्वस्त असते, पटकन पेटते आणि भाकरीवाल्यांना त्याचा मोह होतो. निर्यातीच्या अशा फळ्यांवर गव्हाच्या लोंबीसारख्या चिन्हाचा शिक्का असतो. त्यावर एचटी ही अक्षरे असतील तर कीड मारण्यासाठी लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटे तापवलेले असते. एमबी असतील तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. मी एचटीच्या फळ्या फक्त बंबासाठी घेते, एमबीच्या कशालाच घेत नाही. मामांना या अक्षरांचा अर्थ माहीत नव्हता; आता ते एमबीच्या फळ्या वेगळ्या काढतात, पण त्या कोणाला विकतात हे मी विचारलेले नाही.

त्या ५६ अंशांवरून मला कल्पना सुचली. मे महिन्यात आमच्या गच्चीवरच्या पत्र्यावर दुपारी हात ठेववत नाही. जुन्या साठ्यातले, औषध न लागलेले जे लाकूड उरले होते ते मी मनगटाएवढे बारीक फोडून घेतले, या मेमध्ये पत्र्यावर एकेरी थरात पसरले, वर काळा प्लॅस्टिकचा कागद घालून कडा विटांनी दाबल्या आणि आठ दिवस ठेवले. आतली वाफ निघून जावी म्हणून रोज संध्याकाळी कागद उचलत असे. त्यानंतर त्या लाकडातून भुकटी पडलेली नाही. जाड ओंडक्यांवर हा उपाय चालेल असे वाटत नाही, कारण ऊन गाभ्यापर्यंत पोचत नाही.

घरातली मांडणीही बदलली. वेल्डरकडून अँगलचे चार फूट बाय दोन फुटांचे दोन घोडे करून घेतले. ते जमिनीपासून फूटभर उंच आहेत आणि भिंतीपासून वीतभर सुटे ठेवले आहेत, म्हणजे मागे झाडू फिरतो आणि वाळवीची नळी निघाली तर पहिल्याच आठवड्यात दिसते. पायांखाली पूर्वी फडताळांच्या पायांखाली असत तशा पाण्याच्या वाट्या आहेत. मुंगळे त्यामुळे वर चढत नाहीत. घोड्याखाली वर्तमानपत्राचा कोरा कागद पसरते आणि दर रविवारी तो उचलून पाहते. कागदावर भुकटी दिसली की वरचे नेमके कोणते फाटे किडले आहे ते लगेच कळते, आणि ते त्याच दिवशी चुलीत जाते. किडलेल्या लाकडाचा याहून चांगला बंदोबस्त मला ठाऊक नाही. भुंगेऱ्याने कोरलेल्या रेघांत कधीकधी अक्षरे उमटल्यासारखी दिसतात, त्यावरून आपल्याकडे घुणाक्षरन्याय हा शब्द आला. मला एका फाट्यावर चक्क 'ठ' सापडला होता. तोही जाळला.

पूर्वी आम्ही चार महिन्यांचे सरपण एकदम भरत असू. आता पंधरा दिवसांचे आणते आणि आधीचे संपल्याशिवाय नवे आत घेत नाही. जुन्यावर नवे रचत गेलो की तळाचे लाकूड वर्षानुवर्षे हलत नाही आणि झुरळांपासून घोणीपर्यंत सगळे तिथे मुक्कामाला येतात, हे आमच्याच तळाच्या थराने शिकवले आहे.

सरपणाच्या राशीत विंचू असतो, आणि तो कीटक नसला तरी त्याच्याविषयी लिहिल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. विंचवाच्या अंगावर अतिनील प्रकाश पडला की तो हिरवट-निळा चमकतो. तसा प्रकाश देणारी लहान बॅटरी मी ऑनलाइन ३४० रुपयांना मागवली. पहिले तीन महिने तिने लाकडावरचे धागेदोरे आणि एक प्लॅस्टिकचे बटण तेवढे चमकवून दाखवले आणि मी तिला खेळणे समजू लागले. नवरात्रात एका पहाटे खोलीत शिरण्यापूर्वी सवयीने प्रकाश टाकला, तर दुसऱ्या घोड्याच्या आडव्या पट्टीवर, मी हात घालते त्याच उंचीवर, फिकट हिरवा, नांगी वळवलेला विंचू स्वच्छ दिसला. साध्या दिव्यात तो लाकडाच्या रंगात पूर्ण मिसळून जात होता. बॅटरीचे बटण सैल आहे आणि चार्जिंग फार टिकत नाही, तरी तिला मी पाच तारे देते. आपल्याकडचा लाल विंचू जीवघेणा ठरू शकतो, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्याच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून मृत्यू खूप कमी झाले आहेत, पण त्यासाठी माणूस मांत्रिकाकडे न जाता वेळेत दवाखान्यात पोचावा लागतो. घोड्यावरचे लाकूड आता आम्ही कोणीही हातमोजे घातल्याशिवाय उचलत नाही.

वखारीबद्दल दोन तक्रारी आहेत. पावती मिळत नाही, वहीत लिहून घेतात. व्यवसायाचा हिशेब ठेवणाऱ्यांना हे गैरसोयीचे आहे. दुसरे म्हणजे साल सोलण्याचे आणि फोडण्याचे क्विंटलमागे साठ रुपये वेगळे पडतात आणि ते आधी सांगितले जात नाहीत. तरीही गेल्या दहा महिन्यांत आलेल्या लाकडात मला किडलेली फाटी जेमतेम पाच-सहा सापडली. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या आधी, डिसेंबरअखेरीस, भाकरीवाल्यांची गर्दी होते आणि तेव्हा वाळलेले लाकूड संपून जाते. त्या दिवसांत घाईघाईने जे मिळेल ते घेण्यापेक्षा नोव्हेंबरातच मामांना सांगून ठेवावे. ते खडूने आपल्या ढिगावर खूण करतात, आणि टेम्पो शक्यतो सकाळी दहाच्या आत बोलवावा, कारण त्यानंतर हमाल मिळत नाहीत.